वितेकच्या पाठीचा आकडा

माणसाच्या पाठीला हात लावला की ती मला कळते, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगत असे. मिरजेत असताना तर जरा जास्तच सांगत असे. आता सांगत नाही. कारण एकदा कळूनही मी गप्प बसले, आणि त्याचं जे भोगायचं ते दुसऱ्यांनी भोगलं.

मी पद्मजा मगदूम, फिजिओथेरपिस्ट. पोलंडमधली माणसं कामासाठी हॉलंड-जर्मनीला जातात, त्यामुळे पोलंडमध्ये माणसं कमी पडतात, म्हणून मिरजेची माणसं पोलंडला जातात. त्या ओघात मीही गेले. एका एजन्सीने मला तिथे नेलं आणि ओपोले शहराजवळच्या आपल्याच शाखेत कामाला ठेवलं. हॉलंडच्या गोदामांत आणि फुलांच्या शेतांवर जाणाऱ्या पोलिश कामगारांच्या पाठी तपासायच्या आणि त्यांना जाकिटं चढवून द्यायची, हे माझं काम. एजन्सीचं नाव लिहीत नाही. नोकरी सोडताना त्यांनी तशी सही घेतली आहे.

पाठ तपासायची म्हणजे काय, ते सांगायला हवं. काँक्रीटचा पूल एका दिवसात मोडत नाही. त्याआधी वर्षानुवर्षं तो आतून बारीक बारीक तडकत असतो. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण पुलाला चिकटवलेल्या संवेदकांना येतो, आणि त्यावरून पुलाचं किती आयुष्य उरलं याचा अंदाज इंजिनिअर फार पूर्वीपासून बांधत आले आहेत. पुढे कुणीतरी तीच युक्ती माणसाच्या पाठीला लावून पाहिली. दोन मणक्यांमध्ये जी चकती असते, तिच्या आत मऊ गर असतो आणि बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट धाग्यांचे थर. वाकून ओझं उचललं की एखादा धागा तुटतो. काही पुन्हा सांधतात, काही नाही. तुटताना प्रत्येक धागा एक अगदी बारीक आवाज करतो, आणि कमरेला बांधलेला पट्टा तो ऐकतो. सात दिवस पट्टा बांधून रोजची कामं करायची. आठव्या दिवशी शंभरपैकी एक आकडा मिळतो: ही पाठ अजून किती ओझं सोसेल याचा आकडा. साठच्या खाली असेल तर एजन्सी माणसाला पाठवत नाही.

त्या आकड्यावर जाकीट चालतं. जाकिटाला पाठीमागून हवेवर चालणारे पट्टे असतात, ते उचलताना आधार देतात. आधार कमी पडला तर चकती फुटते. जास्त झाला तर पाठीचे स्नायू ऐतखाऊ होतात आणि वर्षभरात माणसाला जाकिटाशिवाय उभं राहता येत नाही. म्हणून ज्याला जेवढा हवा तेवढाच. ज्याचा आकडा ऐंशीच्या वर, त्याला जाकीट जवळजवळ काहीच देत नाही. त्याची पाठ समर्थ आहे असंच ते धरून चालतं.

सगळं यंत्राने ठरवलं तरी फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता: तपासणाऱ्याच्या हाताला काय जाणवलं. त्यात मी काही लिहिलं की माणूस थांबायचा आणि ऑफिसात सगळ्यांसमोर पुन्हा पट्टा बांधला जायचा. तीन वर्षांत मी तो रकाना अकरा वेळा भरला होता आणि अकराही वेळा माझा हात खरा ठरला होता. याचा मला गर्व होता.

मी राहायचे पानी हालीना यांच्या घरी, वरच्या खोलीत. 'पानी' म्हणजे आपल्याकडे नावापुढे 'बाई' लावतात तसं. हालीनाबाई सत्तरीच्या, त्यांचं माहेर पूर्वेकडच्या सरहद्दीवरचं, आणि त्या मुलुखाचे सगळे रिवाज त्यांनी घट्ट धरून ठेवलेले. मी जैन घरातली, कंदमुळं न खाता वाढलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर बटाट्याचं सूप ठेवलं आणि मी ते का खात नाही हे ऐकल्यावर मला आजार कुठला आहे असं विचारलं. सहा महिन्यांत मी बटाट्यापर्यंत आले. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

त्यांना दोन मुलगे. धाकटा लेशेक, तिशीतला, गावातल्याच लाकडाच्या वखारीत ओंडके रचायचा. बोलायला कमी, अंगाने दणकट. गाव सोडून कुठे जायची त्याला कधीच हौस नव्हती. थोरला वितेक, सेहेचाळीसचा. तो वीस वर्षं हॉलंडमध्ये राबला होता, ट्यूलिपच्या कंदांचे क्रेट उचलून उचलून. तिथेच त्याचं लग्न झालं, तिथेच मोडलं. त्याची मुलगी ओला अकरा वर्षांची होती आणि आईजवळ हॉलंडमध्येच राहायची. वितेक तिथे असेल तर दर रविवारी मुलगी त्याला भेटेल, असं ठरलेलं होतं. एका हंगामानंतर त्याच्या गोदामाने माणसं कमी केली, तो घरी परतला, आणि रविवार संपले.

मग उरला फोन. सुरुवातीला ओला त्याच्याशी पोलिश बोलायची. पुढे मधेमधे डच शब्द येऊ लागले. मी त्या घरात राहायला गेले त्याच्या तिसऱ्या वर्षी ती फक्त डच बोलायची, आणि वितेकची डच म्हणजे गोदामातली: उचल, ठेव, थांब, सावकाश. मुलीने शाळेतलं काही सांगितलं की तो 'हो, हो' करायचा आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातल्या बाकावर नुसता बसून राहायचा. एकदा मला म्हणाला की ती आता त्याच्याशी सावकाश बोलते, जसं परक्या माणसाशी बोलावं तसं.

वितेक आणि माझं सूत कसं जुळत गेलं हे मला नीटसं सांगता येणार नाही. पोलंडमध्ये 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला एक छोटा समारंभ असतो: दोघांनी हातात हात अडकवून पेला रिकामा करायचा आणि मग गालाला गाल लावायचा. आम्ही तो हालीनाबाईंच्या देखत केला, बेदाण्यासारख्या आंबटगोड फळांच्या कोंपोतने, म्हणजे फळं उकळून केलेल्या सरबताने, कारण मी दारू घेत नाही. हालीनाबाई खो खो हसल्या. त्या हिवाळ्यात एकदा मी थट्टेथट्टेत ऑफिसातला नमुन्याचा पट्टा घरी आणला आणि आठवडाभर वितेकला बांधून ठेवला. आकडा आला एकेचाळीस. त्याने तो पाहिला आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. नमुन्याच्या पट्ट्याची नोंद कुठे होत नाही, म्हणून मीही विसरल्यासारखं केलं.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही दोघं जंगलात अळंबी गोळा करायला गेलो होतो. मी टोपली धरायची, तो खुडायचा. खाली वाकलेला असतानाच त्याने विचारलं, "मी कायमचा इथेच राहिलो, तर तुझी वरची खोली रिकामी होईल का?"

मला कळलं, ती मागणी होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी असल्या गोष्टी कळायला वेळ लागत नाही. पण मी उत्तर दिलं ते असं, की आधी ओलाचं काय ते ठरव. तो म्हणाला, बरोबर आहे. आणि आम्ही घरी आलो. हे मी शहाणपणाचं बोलले असं मला त्या वेळी वाटलं होतं.

ऑक्टोबरमध्ये त्याने आमच्याच एजन्सीत अर्ज टाकला. जानेवारी ते जून, ट्यूलिपचा हंगाम, ओलाच्या गावापासून बारा किलोमीटरवर. सहा महिने, चोवीस-पंचवीस रविवार. मी त्याला एकेचाळीसची आठवण करून दिली. तो म्हणाला, तो थट्टेतला पट्टा होता, आता खऱ्या पट्ट्याला विचारू.

इथे माझी पहिली चूक झाली, आणि ती अगदी आपल्या वळणाची आहे. नियम असा, की पट्टा पहिल्यांदा ऑफिसात, आमच्या समोर बांधायचा. बांधताक्षणी तो माणसाच्या हृदयाचा ठोका ओळखीचा करून घेतो आणि मग सात दिवस त्याच माणसाचा राहतो. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला त्यांच्याकडे सगळं गाव स्मशानात जातं, थडग्यांवर शेवंतीची फुलं ठेवतात, दिवे लावतात. ऑफिस दोन दिवस बंद राहणार होतं आणि अर्जाची मुदत संपत आली होती. हालीनाबाईंनी मला विचारलं, की तू याच घरात राहतेस, मग पट्टा घरीच नाही का आणता येणार? घरच्या माणसाला रांगेत कशाला उभं करायचं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मिरजेच्या दवाखान्यात आम्ही तेच तर करायचो. मी पट्टा आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. हालीनाबाईंच्या दोन्ही हातांत दिव्यांच्या पिशव्या होत्या, त्या दारात उभ्या होत्या, उजेड सरायच्या आत स्मशानात पोचायचं होतं. मी वितेक आणि लेशेकला म्हटलं, पट्टा बांधून मागून या. आणि त्यांच्याबरोबर निघून गेले.

आठव्या दिवशी आकडा आला: त्र्याऐंशी.

ऑफिसात सगळ्यांनी वितेकचं अभिनंदन केलं. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मीही हसून हात मिळवला. डिसेंबरात जाकीट बसवायला तो माझ्याकडे आला. तपासणीच्या टेबलावर पालथा झोपला. मी कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे अंगठा टेकवला. तो हलला नाही, श्वासही बदलला नाही, पण टेबलाच्या त्या टोकाला त्याच्या पायाची बोटं आवळली गेली. अंगठ्याखालचे स्नायू लाकडासारखे ताठ होते. आतल्या दुखऱ्या भागाला सांभाळायला शरीर असंच कुंपण घालतं. ही पाठ त्र्याऐंशीची नव्हती. एकेचाळीसचीही राहिली होती की नाही कोण जाणे. आणि त्र्याऐंशीची पाठ कुणाची, हेही मला तेव्हाच कळलं. रोज ओंडके उचलूनही ज्याने कधी कंबर चोळली नाही, असा त्या घरात एकच जण होता.

समोर पडद्यावर फॉर्म उघडा होता. शेवटचा रकाना रिकामा.

आता त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे लिहिते. मी रकाना भरला असता तर वितेक थांबला असता. तो थांबला असता तर गावात राहिला असता, आणि वरच्या खोलीचा प्रश्न सुटला असता. म्हणजे खरं लिहिण्यात माझाच फायदा होता. मला वाटलं, मी लिहिलं तर ते त्याच्या पाठीसाठी लिहिलं की माझ्यासाठी, हे मला तरी कसं कळणार? उद्या तो म्हणाला, की तू मला माझ्या मुलीपासून तोडून स्वतःजवळ ठेवून घेतलंस, तर मी काय उत्तर देणार? मला त्याच्या नजरेत स्वार्थी ठरायचं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी माझ्या हातावर अविश्वास दाखवला. रकाना तसाच ठेवला आणि पुढचं बटण दाबलं.

"झालं?" त्याने मान न वळवता विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

तो बराच वेळ उठला नाही. मी समजले की त्याला उठताना दुखत असावं.

निघण्याच्या दिवशी, जानेवारीतल्या एका सकाळी, एजन्सीची गाडी फाटकाशी येऊन थांबली. हालीनाबाईंच्या माहेरचा एक रिवाज आहे: प्रवासाला निघणारा आणि त्याला निरोप देणारे, सगळ्यांनी निघण्याआधी मिनिटभर खाली बसायचं, काही न बोलता. आम्ही चौघं बसलो. हालीनाबाई बाकावर, लेशेक उंबऱ्याजवळच्या स्टुलावर, वितेक स्वतःच्याच बॅगेवर, मी चुलीपाशी. लेशेक माझ्याकडे बघत नव्हता. वितेक बघत होता. ते मिनिट खूप लांबलं. माझ्या ओठांवर आलं होतं, की गाडी परत पाठव. पण बसल्यावर बोलायचं नाही असा रिवाज, आणि मला तेवढं निमित्त पुरलं. हालीनाबाईंनी क्रूसाची खूण केली, सगळे उठले.

तिथले पहिले तीन महिने चांगले गेले. वितेक दर सोमवारी फोन करायचा आणि रविवारचं सांगायचा. ओलाने त्याला बर्फावर चालायचे बूट घ्यायला लावले. ओलाने त्याला डच बाराखडी शिकवायला घेतली आणि चुकला की कपाळावर टिचकी मारते. ओला एक पोलिश वाक्य पूर्ण बोलली. त्याचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता, आणि मी स्वतःला सांगत होते की बघ, तू केलंस ते बरोबर केलंस. पाठीचं विचारलं की तो विषय बदलायचा.

एप्रिलमध्ये, फुलं खुडण्याच्या ऐन गर्दीत, क्रेट उचलताना त्याची चकती फुटली. जाकिटाने त्याला लेशेकच्या पाठीला लागेल तेवढाच आधार दिला होता, म्हणजे फारसा नाहीच. आतला गर मज्जातंतूंच्या जुडग्यावर जाऊन दाबला. शस्त्रक्रिया झाली, पण कमरेखालची जाणीव परत आली नाही. एजन्सीकडून मला वैद्यकीय अहवाल आला तेव्हा मी त्याच्या फक्त दोन ओळी वाचल्या. पुढचं काय लिहिलेलं असणार ते मला शिकवलेलंच होतं. मी हालीनाबाईंना सांगायला जिना उतरले.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, तो जाताना नीट बसला नव्हता, बॅगेवर बसला होता. दोष द्यायला त्यांना तेवढंच सापडलं. मी मान डोलावली, आणि मला स्वतःची लाज वाटली.

हॉलंडमध्ये त्याला एका पुनर्वसन केंद्रात ठेवलं. जाकीट चालू असताना पाठ मोडली तर जाकीट बनवणाऱ्यांनी बरं होईपर्यंत सांभाळायचं, असा तिथला कायदा आहे. केंद्र ओलाच्या शाळेपासून सायकलने दहा मिनिटांवर होतं. ती रोज शाळा सुटली की यायची. रविवारसाठी गेलेल्या माणसाला आठवड्याचे सातही दिवस मिळाले, ते असे.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी कदाचित जन्मभर तोंड उघडलं नसतं. पण यंत्र शिकत असतं. एखाद्या पाठीबद्दल अंदाज चुकला, तर ती पाठ कशी तडकत होती हे ते पुन्हा तपासतं आणि पुढच्या वेळी तशा पाठीला कमी आकडा देतं. प्रत्येक माणसाच्या पाठीच्या तडकण्याला स्वतःचा ठेका असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. यंत्राच्या हिशेबी त्र्याऐंशीची एक पाठ चार महिन्यांत फुटली होती. त्या पाठीचा ठेका त्याने पक्का ध्यानात ठेवला. तो ठेका लेशेकचा होता.

मे महिन्यात गावच्या वखारीनेही पट्टे सक्तीचे केले. लेशेकचा आकडा आला बावीस. यंत्राच्या मते ही मोडणारी पाठ होती; आपण ती एकदा मोडताना पाहिली आहे, याची त्याला खात्री होती. वखारीने लेशेकला घरी पाठवलं. तो शेजारच्या गावात फरशीच्या कारखान्यात गेला, तिथेही पट्टा. आकडे सगळीकडे एकाच ठिकाणाहून येतात. तेरा वर्षं ओंडके रचलेला तो माणूस दिवसभर अंगणात बसून राहू लागला. मी त्याला टेबलावर झोपवून हात लावून पाहिला. इतकी सुरेख पाठ मी क्वचितच पाहिली असेल. मी रकाना भरायला गेले, तर वितेकच्या घटनेनंतर जाकीट बनवणाऱ्या कंपनीने तो रकानाच काढून टाकला होता. माणसाच्या हातावर विसंबून उपयोग नाही, असं कारण दिलं होतं.

लेशेकने मला सगळं सांगितलं, जे मला माहीतच होतं. पट्टा त्याने बांधला होता. वितेकने हात जोडले म्हणून. आता यातून सुटायचा एकच मार्ग होता: पट्ट्याची अदलाबदल झाली हे कळवायचं. मग यंत्र ती नोंद पुसेल आणि लेशेकची पाठ पुन्हा त्याची होईल. पण मग वितेकच्या जाकिटाला खोटी माहिती दिली होती हेही सिद्ध होईल, बनवणारे जबाबदारीतून मोकळे होतील, आणि वितेकला केंद्रातून उचलून पोलंडमधल्या एखाद्या इस्पितळात आणून टाकतील. ओलापासून हजार किलोमीटर. माझं लायसन जाणार होतं ते वेगळं. त्याबद्दल मला तक्रार नाही.

लेशेक म्हणाला, "राहू दे. त्याला त्याची मुलगी राहू दे. मी काय, बटाटे लावीन."

पण तो रोज पहाटे उठून, डबा न घेता, वखारीच्या फाटकापर्यंत जाऊन परत येतो हे हालीनाबाईंनी मला सांगितलं. मी रजा टाकली आणि जूनमध्ये हॉलंडला गेले. वितेकला न विचारता कळवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

केंद्राच्या बागेत तो चाकाच्या खुर्चीत बसला होता. खांदे अजून तसेच रुंद, पाय मात्र बारीक झालेले. ओलाची शाळा सुटायला तास होता. मी बसले आणि लेशेकचा आकडा सांगितला, तो तसा का आला ते सांगितलं, वखारीच्या फाटकाचं सांगितलं. पुढे काय होईल तेही काही न लपवता सांगितलं. तो ऐकत होता. मधेच त्याने एकदा घड्याळ पाहिलं.

"तो बोलला नाही मला," वितेक म्हणाला. "फोनवर म्हणाला, सगळं ठीक आहे."

"तो कधीच सांगणार नाही."

"कळव," तो म्हणाला. "आजच कळव. उद्या मला जमायचं नाही."

मी फोनवरच पत्र लिहिलं. पट्टा मी नियम मोडून घरी नेला, तो लेशेकने बांधला, आणि तपासताना मला ते कळलं होतं, हे तिन्ही लिहिलं. पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवलं. तिसऱ्या वाक्याशी त्याने मला थांबवलं.

"तुला कळलं होतं?"

"हो."

"टेबलावर?"

"हात लावताक्षणी."

तो रागावेल असं मला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, मग लिहिलं का नाहीस. मी त्याला खरं ते सांगितलं: की लिहिलं असतं तर तू माझ्यासाठी थांबला असतास, आणि मी तुझी मुलगी तुझ्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं. मला तुझ्या आणि ओलाच्या मधे यायचं नव्हतं. हे सगळं मी महिनोन्महिने मनात घोळवलं होतं, आणि बोलून दाखवल्यावर ते किती पोकळ आहे ते माझं मलाच ऐकू आलं.

वितेक खुर्चीच्या हातावरची पट्टी नखाने खरवडत राहिला.

"पद्मा," तो म्हणाला, "तुझ्या हाताला कळणार नाही असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. अकराच्या अकरा वेळा खरा ठरलेला हात तो. लेशेकला पट्टा बांधला, पण तुझ्यासमोर पालथं झोपायचं होतंच की. माझ्याच्याने मुलीला नाही म्हणवत नव्हतं. आणि जायची छातीही होत नव्हती, पाठ मलाच ठाऊक होती. म्हटलं, तू नाही म्हणशील, मग मी ओलाला सांगेन की मी यायला निघालो होतो, त्यांनी येऊ दिलं नाही. आणि मग घरी येऊन तुला पुन्हा विचारेन, खोलीचं."

मी फोनवरचं तिसरं वाक्य पुन्हा वाचलं.

"तू झालं म्हणालीस," तो म्हणाला. "मला वाटलं, हिला मी नको आहे."

बागेच्या फाटकाशी सायकलची घंटा वाजली. ओला सायकल भिंतीला टेकवत होती, दप्तर अजून पाठीवरच होतं. वितेकने माझ्या हातातल्या फोनकडे मानेने खूण केली, आणि ती आमच्यापर्यंत पोचायच्या आत मी पत्र पाठवून दिलं.